दोन नावांचा लोफर विकत घेण्यापूर्वी कसा पारखावा
पादत्राणांची एखादी जुनी पेढी आणि एखादा डिझायनर एकत्र येऊन हाताने घडवलेला चामडी लोफर नव्या रूपात आणतात, तेव्हा बदल नेमका कशात झाला आहे हे आधी शोधावे. रंग, बकल आणि झालर चटकन नजरेत भरतात. पण जोड पायात कसा बसेल आणि किती वर्षे टिकेल, हे फर्मा (ज्यावर जोड घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा), शिलाई आणि चामडे या तीन गोष्टींवर ठरते.

तुलनेसाठी मूळ घडण ठाऊक असावी. नॉर्वेतील साध्या, बिनलेसच्या बुटांवरून अमेरिकेतील जी. एच. बास कंपनीने १९३६ मध्ये ‘वीजन्स’ नावाचे लोफर काढले आणि गुच्चीने १९५३ मध्ये लोफरवर घोड्याच्या लगामातील कडीसारखी धातूची पट्टी बसवली. नव्याने मांडले जाणे लोफरच्या इतिहासातच आहे. म्हणून जुन्याशी तंतोतंत साम्य शोधण्यापेक्षा जुन्या घडणीचे गुण टिकले आहेत का, हे पाहणे मला अधिक योग्य वाटते.

सर्वांत जास्त वेळ मापाला द्यावा. लोफरला लेस नसल्यामुळे तो केवळ आकाराच्या जोरावर पायात राहतो, आणि डिझायनरने टोक लांबवले किंवा चौकोनी केले असेल तर फर्मा बदललेला असतो. मग नेहमीचा नंबर उपयोगी पडेलच असे नाही. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजतात, म्हणून जोड संध्याकाळी घालून पाहावा. पायाच्या वरच्या बाजूला तो घट्ट बसला पाहिजे. टाच चालताना किंचित उचलली गेली तरी चालेल, कारण सोल वाकू लागल्यावर ते कमी होते. चामडे रुंदीला सैलावते, लांबीला जवळजवळ नाही, त्यामुळे बोटे पुढे टेकत असतील तर तो जोड सोडून द्यावा.

‘हाताने घडवलेला’ या शब्दांचा अर्थ दुकानदाराला स्पष्ट विचारावा, कारण त्यात पूर्ण हातशिलाईही येते आणि केवळ हाताने केलेले पॉलिशही. अस्सल मोकॅसिन घडणीत चामडे पायाच्या खालून वर घेतलेले असते आणि वरचा तुकडा फर्म्यावरच, एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, हाताने शिवलेला असतो. त्यामुळे एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके लगेच उसवत नाहीत. चामडे बोटाने दाबून पाहावे. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि दाब काढताच विरतात. जाड रंगाचा थर दिलेल्या चामड्यावर मात्र रुंद, राठ घड्या पडतात.

कारागिरांची माहिती विचारण्यातही संकोच करू नये. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते, तरी जून २०२५ मध्ये मिलानमधील प्रादा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. महाराष्ट्रातून निषेध झाल्यावर कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली. ज्या सहयोगात डिझायनरबरोबर घडवणाऱ्या कारखान्याचाही उल्लेख आहे, त्याला मी नेहमी झुकते माप देते.

मुंबईत चामडी सोलचा जोड घेतल्यास, वापरण्यापूर्वीच त्याखाली पातळ रबरी अर्धा सोल लावून घ्यावा. पादत्राणांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ठक्कर बाप्पा कॉलनीसारख्या ठिकाणी हे काम जाणणारे कारागीर भेटतात. जून ते सप्टेंबर हा जोड शक्यतो बाहेर काढू नये. तो भिजलाच तर आत कोरडा कागद भरून पंख्याखाली सुकवावा, उन्हात ठेवू नये, आणि कागद ओला झाला की बदलावा. एरवीही एकदा घातल्यावर किमान एक दिवस विश्रांती द्यावी. ठेवताना प्लास्टिकऐवजी सुती पिशवी वापरावी, आत लाकडी शू-ट्री (बुटाचा आकार टिकवणारा साचा) घालावा आणि दर आठवड्याला जोड बाहेर काढून वारा द्यावा. बुरशीचा पांढुरका थर दिसला तर तो खिडकीजवळ कोरड्या फडक्याने पुसावा, मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात जेमतेम ओलावलेले फडके फिरवावे; रंग उतरत नाही ना, हे आधी टाचेच्या आतल्या कडेला तपासावे. जोड पूर्ण सुकल्यावरच क्रीम लावावे.