देशांच्या विकासाची तुलना करताय? आकडे मांडण्याआधी या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत अर्थशास्त्राच्या प्रकल्पांसाठी ‘भारत आणि चीन’ किंवा ‘भारत आणि बांगलादेश’ असे विषय हमखास घेतले जातात. विषय चांगले आहेत. पण बहुतेक जण दोन आकडे शेजारी-शेजारी मांडून थेट निष्कर्ष काढतात. ते आकडे कोणी, कोणाला विचारून, कधी गोळा केले, हे पाहायचं राहून जातं आणि तुलना फसते ती तिथेच.

हद्द तीच आहे का, हे न बघणं

1991 च्या जनगणनेतला धुळे जिल्हा आणि 2001 च्या जनगणनेतला धुळे जिल्हा, नाव एकच, पण जिल्हे वेगळे. 1 जुलै 1998 ला नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके बाहेर पडून नंदुरबार जिल्हा झाला. 2011 मध्ये नंदुरबारची साक्षरता सुमारे 64 टक्के होती, धुळ्याची सुमारे 73. म्हणजे कमी साक्षरतेचा भाग वेगळा निघाल्यानेच उरलेल्या धुळ्याचा आकडा वर सरकतो. ती सगळी वाढ शाळांच्या खात्यावर टाकली तर चूक होते. उपाय कष्टाचा आहे, पण सरळ आहे: 1991 चे तालुकावार आकडे घ्या, हे सहा तालुके वजा करा आणि मग तुलना करा.

देशांचंही असंच. जुलै 2011 मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि बहुतेक तेलसाठे तिकडे गेले. 2010 चा सुदान आणि 2012 चा सुदान एका रेषेत जोडला, तर आलेखातली घसरण मंदीची की फाळणीची, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

आकडा दारात कसा तयार होतो, हे विसरणं

गणनेला आलेले गुरुजी ओट्यावर बसून विचारतात, “आजी, तुमनं वय कितलं?” आजी सुनेकडे बघते, सून म्हणते, “व्हई साठेक.” फॉर्मवर 60 लागतं. असं लाखो घरांत घडतं आणि 59 किंवा 61 पेक्षा 60 वर्षांची माणसं भलतीच जास्त दिसू लागतात. जन्मदाखले सार्वत्रिक नसलेल्या अनेक देशांत हे होतं. संशोधक ते व्हिपल निर्देशांकाने तपासतात. 23 ते 62 वयाच्या लोकांपैकी शेवटी 0 किंवा 5 असलेलं वय सांगणारे किती, हे मोजायचं, त्याला 5 ने गुणायचं, एकूण संख्येने भागायचं आणि 100 ने गुणायचं. उत्तर 100 च्या आसपास आलं तर वयं विश्वासार्ह, 175 च्या वर गेलं तर फारच ढोबळ, आणि 500 म्हणजे सगळ्यांनीच 0 किंवा 5 ने संपणारं वय सांगितलं. जनगणनेच्या एकेका वर्षाच्या वयाच्या तक्त्यावरून हे गणित कोणत्याही विद्यार्थ्याला करता येतं. मला वाटतं, प्रकल्पाची सुरुवात यानेच व्हावी. आकड्यामागची माणसं यातून दिसायला लागतात.

दुसरा प्रश्न, सर्वेक्षण कधी झालं? दिवाळी सरली की नंदुरबार-साक्री पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. दारांना कुलपं असतात. त्या दिवसांत सर्वेक्षण झालं आणि बंद घरं नुसती सोडून दिली, तर सर्वांत गरीब माणूसच आकड्यांतून गळतो. म्हणून चांगल्या सर्वेक्षणात त्याच घरी पुन्हा फेऱ्या मारतात आणि किती घरं मिळाली नाहीत, ते अहवालात छापतात. प्रतिसादाचं प्रमाण सांगणारं ते पान वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एकाच नावाखाली वेगळी मोजमापं

साक्षरता आपली जनगणना 7 वर्षं आणि त्यापुढच्यांची मोजते. युनेस्कोची प्रौढ साक्षरता 15 वर्षांपुढची. दोन्ही एका तक्त्यात नकोत.

विषमतेच्या गिनी निर्देशांकात (0 म्हणजे पूर्ण समानता, 100 म्हणजे टोकाची विषमता) यापेक्षा मोठा घोळ होतो. जागतिक बँकेच्या नोंदीत भारताचा 2022-23 चा आकडा 25.5 आहे. तो घरखर्चावरून काढलेला आहे. अमेरिकेसारख्या देशांचा उत्पन्नावरून निघतो. श्रीमंत माणूस सगळं उत्पन्न खर्च करत नाही, त्यामुळे खर्चातली विषमता साधारणपणे कमीच दिसते. हे न सांगता ‘भारत अमेरिकेपेक्षा समान’ असं लिहिणं वाचकावर अन्याय आहे.

पैशांचे आकडे

बाजारातल्या विनिमय दराने रुपयांचे डॉलर करून तुलना करू नका. जळगावात शेवभाजीची थाळी आणि केस कापणं ज्या पैशांत होतं, त्याचे डॉलर करून न्यूयॉर्कमध्ये तेच मिळत नाही. म्हणून क्रयशक्ती समता, म्हणजे त्या पैशांत प्रत्यक्ष किती वस्तू मिळतात यावर बेतलेला दर, वापरतात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमात देशोदेशी सारख्या वस्तू-सेवांच्या किमती गोळा होतात. 2021 च्या फेरीचे निकाल 2024 मध्ये आले. 2017 च्या किमतींवरचा आकडा 2021 च्या किमतींवरच्या आकड्याशी जोडू नका.

पायाभूत वर्षही बघा, म्हणजे जीडीपी कोणत्या वर्षाच्या किमती आणि रचनेवर मोजला आहे ते. घानाने 2010 मध्ये ते 1993 वरून 2006 वर आणलं आणि अर्थव्यवस्था कागदावर सुमारे 60 टक्क्यांनी मोठी झाली. नायजेरियाची 2014 मध्ये अशीच सुमारे 89 टक्क्यांनी वाढली. लोकांच्या ताटात त्या दिवशी काही बदललं नव्हतं. पूर्वी न मोजलेले मोबाईल, चित्रपट असे व्यवसाय हिशेबात आले होते. आयर्लंडची 2015 ची वाढ तर 26 टक्के जाहीर झाली होती, त्यामागे बहुराष्ट्रीय कंपन्यांनी तिकडे हलवलेली मालमत्ता होती. आयर्लंडसाठी जीडीपीऐवजी तिथलं सांख्यिकी कार्यालय अशा कंपन्यांचा परिणाम वगळून काढतं ते सुधारित राष्ट्रीय उत्पन्न घ्या.

पडताळणी न करणं

आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवरून काढलेला मानव विकास निर्देशांक यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) प्रसिद्ध करते, पण त्यातलं आयुर्मान संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाकडून येतं, शिक्षणाचा मोठा भाग युनेस्कोकडून. मुळापर्यंत जा. 2023-24 चा आणि 2025 चा अहवाल शेजारी ठेवून ‘क्रमांक वाढला’ म्हणू नका. मागचे आकडेही दरवेळी सुधारले जातात. एकाच अहवालातला कालमालिकेचा, म्हणजे अनेक वर्षांचे आकडे एकत्र देणारा, तक्ता वापरा.

एकाच स्रोतावर थांबू नका. लसीकरणाचे सरकारी आकडे काही वेळा 100 टक्क्यांच्या वर जातात, कारण दिलेले डोस खरे असतात, पण मुलांची अंदाजित संख्या जुन्या जनगणनेवरून काढलेली असते. म्हणून डब्ल्यूएचओ आणि युनिसेफ ते आकडे घरोघरीच्या सर्वेक्षणाशी ताडून बघतात. भारताची शेवटची पूर्ण झालेली जनगणना 2011 ची आहे, तेव्हा ‘दरडोई’ असा शब्द दिसला की भागाकार कोणत्या लोकसंख्येने केला, ते आधी शोधा.

फाईल उतरवल्यावर होणाऱ्या दोन चुका पटकन सांगतो. जागतिक बँकेच्या तक्त्यात दोन टिंबं म्हणजे माहिती नाही. तिथे शून्य भरू नका. आणि टक्क्यांची सरासरी सरळ काढू नका. जळगाव 78, धुळे 73, नंदुरबार 64, यांची सरळ सरासरी 72 च्या खाली येते; लोकसंख्येचं वजन दिलं की 74 च्या जवळ, कारण निम्म्याहून जास्त खान्देश जळगाव जिल्ह्यात राहतो.

मातामृत्यूसारखे आकडे अनेक देशांसाठी प्रतिमान (गणिती मॉडेल) वापरून काढलेले अंदाज असतात आणि सोबत किमान-कमाल मर्यादा छापलेली असते. दोन देशांच्या मर्यादा एकमेकींत बऱ्याच शिरत असतील, तर कोण पुढे हे लिहू नका. दोन्ही मर्यादा तक्त्यात द्या. बाजूच्या रकान्यात मूळ स्रोत, आवृत्ती, पायाभूत वर्ष आणि फाईल उतरवल्याची तारीख लिहा.