फुसका बार आणि पॉलिएस्टरचा कोट : अमेरिकन क्रांतीच्या रीइनॅक्टमेंटमध्ये या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या मॉनमथच्या मैदानावर 1778ची लढाई जूनमध्ये पुन्हा उभी केली जाते. एका वर्षी माझ्या शेजारी रांगेत एक नवा मुलगा होता. ‘फायर’चा हुकूम सुटला, त्याच्या बंदुकीची रंजक (बार पेटवायला नळीबाहेर घातलेली थोडी दारू) फुर्रकन उडाली, पण बार झालाच नाही. गडबडून त्याने बंदूक खाली घेतली आणि नळीच्या तोंडात डोकावायला निघाला. सार्जंटने दोन ढांगांत येऊन नळी धरली आणि वर केली. काही झालं नाही. पण तेव्हापासून ‘मलाही यायचंय’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी कोटाआधी, टोपीआधी हेच सांगतो: बार फुसका गेला तर काय करायचं, ते आधी शिका.

बार झाला नाही, आता?

नळी वर आणि समोरच ठेवा. हलू नका. आत ठिणगी धुमसत असेल तर बार उशिरा उडू शकतो. किती वेळ थांबायचं ते तुमच्या पलटणीच्या, म्हणजे रीइनॅक्टमेंट गटाच्या, नियमांत असतं. तेवढा वेळ थांबून सार्जंटला सांगा. त्यानंतरच घोडा (चाप ओढल्यावर पुढे पडणारा खटका) अर्ध्यावर आणून तारेने कान, म्हणजे आग नळीत जायचं बाजूचं छोटं भोक, साफ करायचा आणि नवी रंजक घालायची.

सगळ्यात घातक चूक याच्या पुढची आहे. तीस बंदुका एकदम कडाडतात, धूर दाटतो आणि आपलाही बार झाला असं वाटतं. मग माणूस दुसरं काडतूस (कागदात बांधलेली एका बाराची दारू) ओततो, म्हणजे नळीत दुप्पट दारू. गोळी नसल्यामुळे दस्त्याचा धक्काही नीट कळत नाही. म्हणून दर बारानंतर कानातून धूर निघतोय का ते बघायची सवय लावा. शंका असेल तर भरू नका. फेरी सोडून दिली म्हणून कोणी हसत नाही.

फुसक्या बाराची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. नवखे पॅन, म्हणजे रंजकेची छोटी वाटी, काठोकाठ भरतात. जास्त रंजक म्हणजे जास्त खात्री असं त्यांना वाटतं. होतं उलटं. कान रंजकेखाली बुजतो, झटक्यात आत शिरायची ती आग वातीसारखी जळत जाते आणि वाटेतच विझते. थोडी रंजक पुरते. दुसरं कारण गार, म्हणजे घोड्यात बसवलेला ठिणगीचा दगड. तिची धार बोथट झाली की ठिणग्या विरळ पडतात. ती उलटी बसवून बघा, नाहीतर बदला. चामड्याच्या तुकड्यात नीट आवळलेली नसेल तर घोडा पडताना ती सरकते. तिसरं कारण दमट हवा. काळ्या दारूची काजळी ओलावा ओढते आणि चार-पाच बारांत पॅनमध्ये काळा चिखल होतो. खिशात फडकं ठेवा, दोन फेऱ्यांच्या मध्ये पुसून घ्या. गार चांगली असूनही ठिणगीच पडत नसेल, तर ती जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी मऊ पडली असेल. ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्याचं आहे, घरी उद्योग करू नका.

ठासणीची बंदूक असली तरी इथे ठासायचं नसतं. बहुतेक कार्यक्रमांत गज (ठासायची सळई) जागेवरून काढायलाच बंदी असते. नळीत फक्त दारू जाते, कागदही नाही. दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीत दारू कधीच ओतू नका. आधी बांधलेलं काडतूसच वापरा. पॅनशेजारचा पितळी आडोसा विसरू नका, कारण कानातून निघणारी ज्वाला उजवीकडच्या माणसाच्या तोंडाकडे जाते.

बंदूक शेवटी घ्या

सगळे आधी बंदूक घेतात. खरं तर ती सुरुवातीला बहुतेक वेळा पलटणीकडून उसनी मिळते. आधी बूट, मग सदरा, मग बाकीचं. शिवाय बंदुकीचे नियम राज्यागणिक बदलतात. तुम्ही व्हिसावर असाल तर उसनी बंदूक हातात घेण्याआधीसुद्धा कायदा नीट विचारून घ्या.

कपड्यांत कृत्रिम धागा नको. ठिणगी लोकरीवर पडली तर छोटं भोक पडतं. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

आणि ‘निळा कोट म्हणजे अमेरिकन’ या समजुतीवर पैसे घालवू नका. 1775मध्ये अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने तपकिरी कापड ठरवलं होतं. कित्येक जण झालरीच्या हंटिंग शर्टमध्ये लढले, वॉशिंग्टनने स्वतः त्याची शिफारस केली होती. निळ्या कोटाचा सर्वसाधारण हुकूम ऑक्टोबर 1779चा. त्यात न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या कोटांची कॉलर-बाही फिकट बदामी होती, पेनसिल्व्हेनियाची लाल. म्हणजे आधी पलटण आणि साल ठरवा, मग शिंप्याकडे जा. झेंड्याचंही तेच. वॉशिंग्टनच्या सैन्याने डेलावेअर नदी ओलांडली ती 25 डिसेंबर 1776च्या रात्री. तारे आणि पट्ट्यांचा झेंडा ठरला त्यानंतर, 14 जून 1777ला.

उन्हाकडे दुर्लक्ष

28 जून 1778ला मॉनमथवर दोन्ही बाजूंची कित्येक माणसं गोळीने नव्हे, उष्माघाताने मेली. आजही त्याच मैदानात, त्याच महिन्यात आपण लोकर घालून उभे राहतो. तहान लागायच्या आधी पाणी प्या. आमच्या तंबूत मीठ-साखर-लिंबाचं पाणी मी आदल्या रात्रीच करून ठेवतो. चक्कर आली तर रांग सोडा, कोट काढा, सावलीत बसा.

प्रेक्षकांना चुकीचं सांगणं

माझा चेहरा बघून लोक हमखास विचारतात, ‘बॉस्टनला समुद्रात फेकलेला चहा तुमच्याकडचाच ना?’ नाही. 16 डिसेंबर 1773ला फेकलेल्या 342 पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या, पण चहा चीनचा होता. आसामचा चहा पुढच्या शतकातला. मुलं समोर उभी असतात आणि गणवेशातल्या माणसाचं बोलणं ती खरं मानतात, म्हणून मी हे थांबून सांगतो. आपला खरा दुवा आहे तो कॉर्नवॉलिसचा. 1781मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकनांकडून हरलेला हाच ब्रिटिश सेनापती 1786मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन भारतात आला आणि 1792मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला उभा राहिला, तेव्हा हरिपंत फडक्यांचं मराठी सैन्य त्याच्यासोबत होतं. हे ऐकून जर्सीतली मंडळी थक्क होतात.

‘उद्या साफ करू’

उद्या नाही. काजळीने नळी एका रात्रीत गंजायला लागते. कानात लाकडी काडी खोचा, नळीत गरम पाणी ओता, अंगठ्याने तोंड दाबून हलवा. पहिलं पाणी शाईसारखं काळं निघतं, वास कुजक्या अंड्याचा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच करत राहा. गरम पाण्याने धातू तापतो, त्यामुळे नळी लवकर वाळते. मग कोरडं फडकं, मग तेलाचा हलका हात. पुढच्या कार्यक्रमाच्या सकाळी ते तेल पुसून काढा. राहिलं तर दारू भिजते आणि दिवसाचा पहिलाच बार फुसका जातो.