हवेचे फेंडर बोटीला कसे आणि कुठं बांधायचे (उजनी आणि चंद्रभागेच्या काठासाठी)

थंडीत उजनीच्या बॅकवॉटरला फ्लेमिंगो बघायला गर्दी वाढली की बोटी एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, आणि सीझन संपल्यावर फायबरच्या बोटीची कड बघा, एका बाजूचा सगळा रंग खरवडलेला असतो, कुठं कुठं तर आतली जाळी दिसायला लागते आणि तिथून एकदा पाणी मुरलं की नुसता रंग मारून भागत नाही. हे सगळं हवेच्या फेंडरनं (धक्का झेलायला बोटीच्या कडेला लटकवायचा, हवा भरलेला पीव्हीसी प्लास्टिकचा फुगा) वाचतं, फक्त ते नीट बांधले पाहिजेत. बऱ्याच जणांनी घेतलेत पण लटकवलेत कसेही, म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडं जास्त करून जुने टायर असतात. टायर फुकटात मिळतो, पंक्चर होत नाही, पण जड असतो, काळे पट्टे पाडतो आणि आत पाणी साठतं (खालच्या बाजूला भोक पाडा म्हणजे साठणार नाही). हवेचा फेंडर हलका असतो, दाबला जातो आणि धक्का पसरवून घेतो. त्याला भीती काट्याची. उजनीच्या काठाला वेड्या बाभळी किती आहेत ते तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळं बांधायच्या जागेवरच्या फांद्या आधी तोडून बाजूला टाका आणि एखादा टायर बोटीत असू द्याच.

साईज बघताना साधा हिशोब, बोटीच्या दर चार ते पाच फूट लांबीला फेंडरची एक इंच जाडी. म्हणजे वीस फुटी बोटीला पाच इंची लांबट फेंडर चालतो, पण आपला काठ दगडी आहे, मी तरी एक साईज वरचाच घ्या म्हणेन. गोल फुग्यासारखा घेणार असाल तर जाडी दुप्पट धरा. एका बाजूला कमीत कमी तीन, आणि बोट मोठी असेल तर दर दहा फुटाला एक.

हवा भरणं हे वाटतं तितकं सोपं नाही. बहुतेक फेंडरला दोन-तीन पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपासच हवा लागते, आकडा फेंडरवर किंवा त्याच्या कागदावर असतो तो बघून घ्या. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावू नका, मोटरसायकलच्या टायरला तीसच्या आसपास लागते, त्या हिशोबानं भरली तर फेंडर फाटेल नाहीतर व्हॉल्व्ह उडेल. सायकलचा किंवा फुटबॉलचा हातपंप घ्या, व्हॉल्व्हला बसेल ती पिन बघून घ्या आणि पिन आत घालताना थोडं साबणाचं पाणी लावा. आता आपल्या सोलापूरच्या उन्हाची गोष्ट. सकाळी गारव्यात वीस डिग्रीला 2 पीएसआय भरली आणि दुपारी आतली हवा पंचेचाळीसला गेली की दाब साडेतीनच्या आसपास जाऊ शकतो, आणि ऊन थेट फेंडरवर पडत असेल तर त्याहून जास्त. म्हणून एप्रिल-मे मध्ये थोडी कमीच भरा, अंगठ्यानं जोरात दाबलं की जरा आत गेलं पाहिजे. दगडासारखा टणक फेंडर धक्का खात नाही, तो सगळा धक्का बोटीलाच देतो. भरून झालं की व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का बघा.

आता मुख्य गोष्ट. फेंडर कुठं बांधायचा हे घरी बसून ठरवू नका. बोट नेहमीच्या जागी लावा, दोर सैल सोडा, वाऱ्यानं ती काठाकडं येऊ द्या आणि ती पहिल्यांदा कुठं टेकते ते डोळ्यानं बघा. तिथं खडूनं खूण करा. बोट मधे सगळ्यात रुंद असते, त्यामुळं पहिला फेंडर बहुतेक वेळा तिथंच येतो. दुसरा त्याच्या पुढं, जिथून नाळेकडं (बोटीच्या पुढच्या टोकाकडं) बाक सुरू होतो त्याच्या अलीकडं, आणि तिसरा मागं इंजिनाच्या जवळच्या कोपऱ्याला, कारण वारा फिरला की बोट मागनं वळते आणि तो कोपरा आपटतो. समान अंतरावर छान दिसतात म्हणून लावले तर बाक असलेल्या जागेचा फेंडर नुसता हवेत लोंबकळत राहतो.

उंचीचं गणित जागेवर आहे. काठ किंवा जेट्टी बोटीपेक्षा उंच असेल तर फेंडर वर घ्या, त्याचं वरचं टोक बोटीच्या कडेच्या जरा खाली पाहिजे. काठ पाण्याच्या जवळ असेल तर खाली सोडा, पण बुड पाण्याच्या जरा वरच ठेवा, पाण्यात बुडला की लाट त्याला उचलून बोटीत टाकते आणि बोट उघडी पडते. दुसऱ्या बोटीला चिकटून लावणार असाल तर दोन्ही बोटींच्या कडा जिथं भिडतात त्या उंचीला लावा. आणि जेट्टीला उभे खांब असतील तर उभा फेंडर खांबाच्या बाजूला सरकतो, तिथं दोन फेंडर लावून त्यांच्या बाहेरून एक आडवी फळी टांगा, फळी खांबाला घासते आणि फेंडर बोटीला सांभाळतात.

पंढरपूरच्या घाटावर होडी लावणाऱ्यांनी एक बघावं. घाटाच्या पायऱ्या पाण्याखालीही असतात, आणि वर तीन फेंडर असले तरी होडीचं बूड खालच्या पायरीवर आपटतं. तिथं मागून नांगर टाकून होडी पायरीपासून ओढून धरा, फेंडर फक्त माणसं चढता-उतरतानाच्या धक्क्यासाठी.

दोर आठ ते दहा मिलीमीटरचा नायलॉनचा घ्या, दोर-ताडपत्रीवाल्याकडं मिळतो, कापलेलं टोक लायटरनं वितळवून बंद करा. फेंडरच्या कड्याला आठाची गाठ पक्की, ती रोज सोडायची नाही. बोटीकडची गाठ मात्र सहज सुटणारी पाहिजे. दोर खुंट्याभोवती एक वेढा घ्या, त्याच्यावरून तिरका नेऊन दुसरा वेढा, टोक त्या तिरक्या दोराखालून काढून ओढा, आणि वरून मुख्य दोराला दोन साधे फास मारा, फास नसले की हलत्या बोटीवर ती गाठ सुटत जाते. रेलिंग असेल तर वरच्या आडव्या पाईपला बांधू नका, उभा पाईप जिथं बोटीला बसवलाय त्या बुडाशी बांधा. वर बांधलं की ओढ बसून पाईप वाकतो आणि स्क्रूची भोकं मोठी होतात.

उजनीच्या पाण्याचं तुम्हाला सांगायला नको. धरण शंभर टक्के भरलं म्हणजे पातळी 496.83 मीटर आणि शून्य टक्के (वापरायचा साठा संपला) म्हणजे 491.03, म्हणजे जवळजवळ सहा मीटरचा फरक, आणि उन्हाळ्यात मायनसमधे गेलं की आणखी खाली. पाणी उतरलं की काठ बदलतो, मातीच्या जागी दगड येतात, बोट दुसऱ्याच ठिकाणी टेकायला लागते. म्हणून फेंडरचा दोर गरजेपेक्षा दोन-तीन फूट लांब ठेवा आणि बोट लावायची जागा बदलली की खडूची खूण पुन्हा करा. चंद्रभागेला उलटं, वरून पाणी सोडलं की पातळी रात्रीत वाढते, तेव्हा फेंडरबरोबर बोटीचे दोरही बघायला जा.

बोट आपटायला लागली की हातानं किंवा पायानं काठ ढकलायला कुणीही जाऊ नका, भरलेली बोट माणसाच्या ताकदीनं थांबत नाही, हातापायाची बोटं चिरडतात. एखादा फेंडर दोरासकट हातात मोकळा ठेवा आणि ऐनवेळी तोच मधे सोडा. आणि फेंडर म्हणजे सुरक्षा असं कुणी समजू नये. मे 2024 मध्ये उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून माणसं गेली, त्याला उपाय लाइफ जॅकेट आणि वारा सुटल्यावर बोट न काढणं हाच आहे.

फेंडरला कव्हर घालाच. फेंडरवर बारीक वाळू चिकटते आणि तीच रंग घासते. त्यासाठी आपला सोलापुरी टेरी टॉवेल उत्तम, दोन्हीकडं नाडी घालून पिशवी शिवून घ्या, शिलाई बाहेरच्या बाजूला ठेवा. सुती असल्यामुळं तो पाणी धरतो, वेळच्या वेळी धुऊन वाळवा नाहीतर कुजतो. निघताना मात्र सगळे फेंडर आत ओढून घ्या, बाहेर लोंबत ठेवून बोट पळवली की दोर इंजिनाच्या पंख्यात जायची भीती असते. काम नसेल तेव्हा ते सावलीत ठेवा, उन्हानं पीव्हीसी कडक होऊन तडे जातात, आणि काटा लागलाच तर फेंडर पूर्ण वाळवून पीव्हीसीचाच तुकडा पीव्हीसीच्या सोल्युशननं चिकटवा, सायकलच्या ट्यूबचं रबरी पॅच त्याच्यावर धरत नाही.