ड्रायव्हरमध्ये युजरचा डेटा एकदाच वाचावा

आयओसीटीएल (प्रोग्रामने ड्रायव्हरला आदेश देण्याचा सिस्टम कॉल) हाताळणाऱ्या ड्रायव्हरमध्ये युजर प्रोग्रामच्या मेमरीतून आधी केवळ लांबीचा आकडा वाचायचा, तो मर्यादेत आहे ना हे तपासायचे आणि मग संपूर्ण स्ट्रक्चर पुन्हा कॉपी करायचे, अशी रचना बरेचदा आढळते. परंतु या दोन वाचनांच्या मधे त्याच प्रोग्रामचा दुसरा थ्रेड तो आकडा बदलू शकतो आणि तपासलेले ६४ बाइट प्रत्यक्ष वापरताना ४०९६ झालेले असतात.

यासाठी डेटा एकदाच कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, बफरमध्ये आणावा, तपासणी आणि वापर दोन्ही त्याच प्रतीवर करावेत आणि पुढच्या फंक्शनना युजरचा मूळ पॉइंटर देऊच नये. लांबी आधी कळल्याशिवाय चालतच नसेल, तर दुसऱ्या कॉपीनंतर प्रतीतील लांबीच्या जागी पहिल्यांदा तपासलेला आकडा पुन्हा लिहावा.

ही शिस्त टाइपमध्येच, म्हणजे डेटाच्या प्रकाराच्या व्याख्येतच, बांधणे अधिक चांगले. लिनक्सच्या ६.१ आवृत्तीपासून कर्नलमध्ये रस्ट या भाषेला प्राथमिक आधार मिळाला. तेथे पुढे आलेल्या 'युजरस्लाइस' या युजरची मेमरी हाताळणाऱ्या टाइपचा रीडर प्रत्येक वाचनानंतर पुढे सरकतो, त्यामुळे तोच भाग दुसऱ्यांदा वाचायचा तर ते मुद्दाम लिहावे लागते. सी भाषेतही पॉइंटर आणि उरलेले बाइट सांभाळणारे छोटे स्ट्रक्चर करून हे बऱ्याच अंशी साधता येते.

एक काळजी घ्यावी: युजरच्या मेमरीतून कर्नलमध्ये कॉपी करणारे 'कॉपी_फ्रॉम_युजर' हे फंक्शन एरर कोड देत नाही, तर कॉपी न झालेल्या बाइटांची संख्या देते, ती शून्य नसेल तर उणे 'ईफॉल्ट' (चुकीच्या पत्त्याचा एरर कोड) परत करावे.