अर्धवट लाइनवर नवीन मेट्रो गाडी उतरवायची आणि चालवून बघायची कशी (साइटवर नव्याने लागलेल्या पोरांसाठी)

इंदूरच्या रामबागेतला माझा भाचा नुकताच मेट्रोच्या कामावर लागलाय. पहिल्याच रविवारी पोह्यांवर शेव टाकता टाकता विचारतो, मामा, गाडी तर फॅक्टरीतून टेस्ट होऊनच येते ना, मग इथे इतके महिने काय करत बसता. त्याला जे तोंडी सांगितलं तेच इथे टाइप करतोय. गाडी तयार असते भिया, लाइन तयार नसते. रोज सकाळी पहिला प्रश्न हाच विचारायचा की आज लाइनवर काय काय अजून नाहीये, आणि त्या उत्तरावर ठरवायचं की गाडी किती आणि कुठवर हलवायची.

इंदूरचंच बघा ना. यलो लाइन सगळी मिळून एकतीस किलोमीटरच्या वर, रिंगसारखी. ट्रायल रन झाला ३० सप्टेंबर २०२३ ला, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, निघून दोनच दिवस झाले होते, आणि लोकांना बसायला मिळालं ३१ मे २०२५ ला, तेही गांधीनगरपासून सुपर कॉरिडॉरवरच्या पाच स्टेशनांपुरतं, जेमतेम सहा किलोमीटर. मधल्या वीस महिन्यांत सगळे नातेवाईक विचारून गेले की गाडी तर दिसते, मग अडलंय कुठे.

आता रस्त्याचं. आपल्या गाड्या अल्स्टॉमच्या, बडोद्याजवळच्या सावलीच्या कारखान्यातल्या, तीन-तीन डब्यांच्या. डबा साधारण बावीस मीटर लांब, म्हणून प्रत्येक डबा वेगळ्या ट्रेलरवर येतो, गोध्रा-दाहोद-झाबुआ-धार करत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. हायवेवर फारसं काही होत नाही, अडचण येते ती शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये, डेपोच्या गेटवर, जिथे कालपर्यंत मोकळी जागा होती आणि आज कोणीतरी सळया उतरवून ठेवल्यात. म्हणून ट्रेलर यायच्या आदल्या दिवशी स्वतः चालत जा, हातात टेप घेऊन, विजेच्या तारा, झाडाच्या फांद्या, वळण सगळं मोजा. फोनवर "हो साहेब क्लिअर आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो गेटपासून लांब चहा पीत असतो.

उतरवायला दोन क्रेन आणि मधे स्प्रेडर बीम (पट्टे लांब धरणारी आडवी तुळई), म्हणजे पट्टे डब्याच्या अंगावर दाबत नाहीत. क्रेनचे पाय कुठे टेकतात ते बघा, डेपोत नुकतीच भरलेली माती असते, पाऊस पडून गेला असेल तर पायाखाली स्टीलच्या प्लेटा टाकल्याशिवाय उचलायचं नाही म्हणजे नाही. इशारा देणारा माणूस एकच ठेवा, दोन जण हात हलवायला लागले की क्रेनवाला दोघांचंही ऐकत नाही. डबा रुळावर टेकला की आधी चाकांना पाचरी आणि मगच पट्टे सोडा.

इथे माझी एक फजिती सांगतो, शहर आणि कंपनी सांगत नाही. तिन्ही डबे जोडून झाले होते, शेडपर्यंत ओढायचे होते, लाइनला करंट नव्हता म्हणून शंटर, म्हणजे डबे ओढायचं छोटं इंजिन, लावला. गाडीत हवा नसली की पार्किंग ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर आपोआप लागलेला असतो, तो प्रत्येक ठिकाणी हाताने ओढून सोडावा लागतो. मी वहीत सगळ्यांवर टिक केली आणि एक राहिला. शंटर जोरकस, त्याला काही कळलंच नाही. दोनशे मीटर ओढल्यावर आतून वास आला, करपल्यासारखा, खाली वाकून बघतो तर एका जोडीची चाकं फिरतच नाहीयेत, रुळावर घासत चाललीत, तळाशी रुपयाच्या नाण्याएवढा चपटा चकचकीत डाग. नंतर ती गाडी चालली की टक टक टक टक, आणि चाक गोल करायची लेथ? ती डेपोत अजून बसवलीच नव्हती! गाडी तशीच उभी राहिली. तेव्हापासून माझा नियम असा की ब्रेक सुटला की चाकावर खडूने उभी रेघ मारायची, गाडी एक मीटर ओढून थांबवायची, सगळ्या रेघा फिरल्या का बघायचं, मगच पुढे. वहीतल्या टिकमार्कवर नाही, रेघेवर विश्वास.

मग उभ्या गाडीच्या टेस्ट येतात, बॅटरी, दरवाजे, एसी, अनाउन्समेंट, हवेची गळती. हे बरंचसं फॅक्टरीत झालेलं असतं, ट्रेलरवर हादरे बसून काय ढिलं झालं एवढंच शोधायचं असतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

करंटचा भाग मात्र नीट वाचा. आपल्याकडे वरून तार नाही, रुळाच्या बाजूने थर्ड रेल, म्हणजे करंटची वेगळी पट्टी, जाते, ७५० व्होल्ट डीसी, आणि गाडीच्या बोगीला (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला) बाजूने शू असतात जे तिला घासून करंट घेतात. नवीन पोरं काय समजतात की ज्या बाजूला थर्ड रेल नाही त्या बाजूचा शू मेलेला आहे. नाहीये! गाडीतले शू आतून जोडलेले असू शकतात, म्हणजे एक शू लाइव्ह पट्टीला लागला की दुसऱ्या बाजूचा हवेत लटकणारा शूही लाइव्ह. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट, लाइनचा एक भाग चालू आणि पुढचा बंद असेल, मधे गॅप असेल, आणि गाडी त्या गॅपवर अर्धी इकडे अर्धी तिकडे उभी राहिली, तर गाडीच पूल बनून बंद भागात करंट सोडू शकते, जिथे माणसं बोल्ट आवळत बसलेली असतात. म्हणून बंद भागाच्या तोंडाशी नुसता लाल झेंडा पुरत नाही. तिथे थर्ड रेल शॉर्टिंग लावून, म्हणजे जाड केबलने, रुळाला जोडून ठेवायची, रुळावर कुलूपवाला अडथळा ठोकायचा, आणि परमिटवर, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कागदावर, ज्याची सही आहे त्यानेच तो काढायचा, त्याच्या चुलत भावाने नाही.

सिग्नल अजून चालू नसतो, म्हणजे एरवी जो कॉम्प्युटर गाडीला थांबवतो तो झोपलेला. सगळी जबाबदारी ड्रायव्हरच्या डोळ्यांची आणि वॉकी-टॉकीची. अशा वेळी एका भागात एकच गाडी, आणि त्या भागाचा एकच इन्चार्ज, ज्याला विचारल्याशिवाय कोणी रुळावर पाय ठेवत नाही. पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) हाताने फिरवून क्लॅम्प आणि कुलूप, किल्ली इन्चार्जच्या खिशात. लाइन जिथे संपते तिथे टोकाच्या बऱ्याच अलीकडे लाल दिवा. किती अलीकडे? हिशोब सोपा आहे. ताशी २५ ला साधारण १ मीटर प्रति सेकंद वर्गाने, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदी एक मीटरने कमी होईल असा, ब्रेक लागला तर गाडी चोवीस-पंचवीस मीटरमध्ये थांबते, पण ताशी ८० ला तेच अंतर अडीचशे मीटरच्या जवळ जातं. वेग तिप्पट-सव्वातिप्पट आणि अंतर दहापट, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. वर ड्रायव्हरला कळेपर्यंतचे दोन सेकंद, आणि नव्या रुळावरचा गंज, सिमेंटची धूळ, पहिल्या पावसाचा चिखल हे वेगळंच धरा. म्हणून पहिले काही दिवस नुसत्या हळू फेऱ्या मारायच्या, रूळ चकचकीत होऊ द्यायचे, ब्रेकचे आकडे नंतर घ्यायचे.

पहिली फेरी माणसाच्या चालीने. अक्षरशः, गाडीच्या दोन्ही बाजूंनी माणसं टॉर्च घेऊन चालतात, प्लॅटफॉर्मवर एक जण टेप घेऊन पालथा झोपतो आणि कड आणि डबा यातलं अंतर दर दरवाज्यापाशी वाचून दाखवतो. काय सापडतं? शटरिंगची फळी, केबल ट्रेचं कोपरं, पेंटरने विसरलेला बांबू. ड्रॉइंगमध्ये यातलं काहीच नसतं. डब्याखालच्या हवेच्या स्प्रिंग भरलेल्या असताना एकदा आणि हवा काढून एकदा, दोन्ही मोजा, कारण हवा गेली की डबा खाली बसतो, आणि डब्याची फरशी प्लॅटफॉर्मच्या खाली गेलेली चालत नाही. हे सगळं झालं की मग १०, मग २५, मग ४०, असं चढत जायचं, आणि प्रत्येक वेगानंतर उतरून चाकं, शू, गिअरबॉक्स हात जवळ नेऊन बघायचं की कुठे जास्त तापलंय का. शू मात्र पॉवर बंद असल्याची खात्री झाल्यावरच, वरचा पॅरा परत वाचा.

शेवटी लखनौच्या आरडीएसओची, म्हणजे रेल्वेच्या संशोधन आणि मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, टीम येते, हलण्या-डोलण्याच्या आणि इमर्जन्सी ब्रेकच्या ट्रायल घेते, रिकाम्या गाडीवर आणि भरलेल्या गाडीवर. भरलेली म्हणजे माणसं नाही, वाळूच्या गोण्या, एका माणसाचे ६५ किलो धरून. त्यानंतर कमिशनर ऑफ मेट्रो रेल सेफ्टी, आणि गंमत म्हणजे हे रेल्वेच्या नाही, विमान मंत्रालयाच्या खाली येतात, म्हणजे गाडी बनवणारा आणि पास करणारा वेगळा. त्यांची सही झाल्याशिवाय पब्लिकला बसवता येत नाही.

तर त्या गोण्या. शेकडो गोण्या हाताने चढतात आणि हाताने उतरतात, आणि त्यातल्या दहा-वीस फाटतातच. वाळू दरवाज्याच्या खालच्या पट्टीत शिरते, आणि पुढचे पंधरा दिवस दरवाजे अर्धे बंद होऊन परत उघडतात आणि सगळे सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या देतात. गोण्या चढवायच्या आधी दरवाज्याच्या पट्टीवर जाड टेप चिकटवा, गोणीखाली ताडपत्री टाका, आणि उतरवल्यावर झाडू नाही, व्हॅक्यूम मारा. झाडूने वाळू अजून आत जाते.