केंटिश चिखल्या कसा ओळखावा: मोरजीच्या वाळूवरील निरीक्षण

गोव्यात शापोरा नदी मोरजीजवळ समुद्राला मिळते, तेथील वाळूवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात चिमणीएवढे, पण उंच पायांचे आणि वाळूच्याच रंगाचे पक्षी धावताना दिसतात. त्यांतील केंटिश चिखल्या हा 15 ते 17 सेंटिमीटर लांबीचा पक्षी नवख्या निरीक्षकाने सर्वप्रथम शिकावा, असे मला वाटते.

प्रथम भरतीची वेळ काढावी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. म्हणजे द्वादशीला ती सुमारे नऊ वाजता येते आणि आपण सात वाजता किनाऱ्यावर असावे. ओहोटीच्या वेळी दूरवर विखुरलेले पक्षी चढत्या पाण्याबरोबर अरुंद पट्ट्यात एकत्र येतात, त्यामुळे त्यांच्यामागे जावे लागत नाही. सकाळी समुद्राकडे तोंड केल्यास सूर्य आपोआप पाठीशी राहतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, ओढली जात असेल तेथून दूर, वाळूवर खाली बसावे. 8×42 ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी व 42 मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची, दुर्बीण पुरेशी आहे.

आता पक्ष्याची मान पाहावी. केंटिश चिखल्याच्या मानेमागून पांढरा पट्टा अखंड जातो, तर त्याच थव्यात हमखास आढळणाऱ्या लेसर सँड प्लव्हर या किंचित मोठ्या चिखल्याला तो नसतो. पक्षी मान आखडून बसला असेल तर हा पट्टा लपतो. अशा वेळी घाईने नाव न ठरवता तो हालचाल करेपर्यंत थांबावे. त्यानंतर छाती पाहावी: दोन्ही बाजूंना तपकिरी किंवा काळसर डाग असतात, पण ते मध्यभागी जुळत नाहीत. चोच बारीक व काळी, पायही बहुधा काळसर. छातीवर पूर्ण काळा पट्टा आणि डोळ्याभोवती पिवळे कडे दिसल्यास तो कंठेरी चिखल्या समजावा. तो बहुधा नदीकाठी किंवा गोड्या पाण्याजवळ आढळतो.

चालही ओळख पटवते. चिखल्या थोडे धावतो, एकदम थबकतो, वाकून टिपतो आणि पुन्हा धावतो, कारण तो मोठ्या डोळ्यांनी भक्ष्य पाहून शोधतो. परतणाऱ्या लाटेमागे धावत ओल्या वाळूत वारंवार चोच खुपसणारा पांढुरका पक्षी मात्र सँडरलिंग असतो.

पक्ष्याने टिपणे थांबवून डोके वरखाली करायला सुरुवात केली, तर आपण फार जवळ आलो आहोत. लगेच मागे सरावे. प्रत्येक अनावश्यक उड्डाणात स्थलांतरासाठी साठवलेली चरबी खर्च होते. सोबत कुत्रा मुळीच नेऊ नये. परततानाही पावले जपून टाकावीत, कारण विश्रांती घेणारे चिखल्या वाळूत उमटलेल्या पावलांच्या खळग्यांतच अंग चोरून बसलेले असतात.