फिटचा एमआरआय: पुण्याला-हैदराबादला फाईल नेण्याआधी या चुका टाळा

"एमआरआय नॉर्मल आलाय, म्हणजे डोक्यात काही नाही." सोलापुरात फिट (अपस्माराचा झटका) येणाऱ्या पेशंटच्या घरी हे वाक्य सुटकेच्या सुरात ऐकू येतं, आणि मग त्याच गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात. पण तो एमआरआय फिटसाठी काढलेला होता का, हे कुणी विचारत नाही.

साध्या ब्रेन एमआरआयमध्ये काप जाड असतात आणि दोन कापांमध्ये थोडी जागा सुटते. फिटचं मूळ मात्र कधीकधी मेंदूच्या सालीतल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, बारीकशा घडीत दडलेलं असतं. कधी ते कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये असतं. तो आकसतो, कडक होतो. हे दिसायला 'एपिलेप्सी प्रोटोकॉल' लागतो: साधारण एक मिलिमीटरचे सलग थ्री-डी काप आणि हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेले काप. मशीन ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) असेल तर उत्तम. पण १.५ टेस्लावर नीट प्रोटोकॉलने काढलेला स्कॅन हा ३ टेस्लावर घाईत उरकलेल्या स्कॅनपेक्षा मला बरा वाटतो. चिठ्ठीवर नुसतं 'फिट' लिहिलेलं असेल तर डॉक्टरांकडून दोन ओळी वाढवून घ्या: फिट कुठून सुरू होते, कोणती औषधं देऊन झाली. काय शोधायचंय हे रेडिओलॉजिस्टला कळलं की त्याची नजर नेमक्या जागी जाते.

उलटी चूकही तितकीच होते. स्कॅनमध्ये गाठ दिसली की सगळे तिच्यावरच बोट ठेवतात. आपल्याकडे टेपवर्मच्या अळीची किंवा टीबीची जुनी, चुना साठलेली गाठ बऱ्याच जणांच्या मेंदूत सापडते. असा चुना एमआरआयपेक्षा सीटी स्कॅनवर स्पष्ट दिसतो. पण गाठ उजवीकडे आणि फिट डावीकडून उठतेय, असंही असू शकतं. फिटची जागा काढून टाकायच्या ऑपरेशनचा निर्णय एका फोटोवर होत नाही. फिटचं वर्णन, व्हिडिओ ईईजी (शूटिंग चालू ठेवून काढलेला मेंदूच्या विजेचा आलेख) आणि स्कॅन यांचं बोट एकाच जागेकडे जावं लागतं.

म्हणून मोबाईलवर फिटचा व्हिडिओ काढा. चप्पल, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. पेशंटला कुशीवर वळवा आणि एकाने शूटिंग करा. चेहऱ्याबरोबर दोन्ही हात दिसले पाहिजेत. नाव विचारा, उत्तर येतं का बघा. फिट थांबल्यावर बोलता यायला किती वेळ लागला तेही टिपा. अंगावर चादर ओढू नका. आपली सोलापुरी चादर कितीही चांगली असली तरी तिच्याखालचा हात न्यूरोलॉजिस्टला दिसत नाही.

दवाखान्यात इक्टल स्पेक्ट (फिट चालू असताना मेंदूचा रक्तपुरवठा टिपणारा स्कॅन) ठरला असेल तर फिट सुरू झालेली लगेच ओळखणं आणखी महत्त्वाचं. त्यात फिट सुरू होताच, शक्यतो अर्ध्या मिनिटाच्या आत, शिरेतून इंजेक्शन द्यावं लागतं, म्हणजे रक्तपुरवठा आधी कुठे वाढला ते कळतं. सोबतच्या माणसाने आधी स्टाफला बोलावण्याचं बटण दाबायचं, आरडाओरडा नंतर. उशीर झाला तर फिट पसरलेली जागाच उजळते आणि तपासणी दिशाभूल करते.

पेट स्कॅनला (मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दाखवणारी तपासणी) 'उपाशी या' सांगतात. लोक गोळीही सोडतात! पाण्याबरोबर गोळी चालते का हे आधी विचारून घ्या. स्वतःहून बंद करू नका. शुगरची औषधं असतील तर तेही सांगा. दोन फिटच्या मधल्या काळात फिटची जागा पेटमध्ये मंद दिसते, पण इंजेक्शनच्या सुमारास फिट आली तर तीच जागा उजळू शकते. त्यामुळे स्कॅनच्या दिवशी आलेली छोटीशी फिटही लपवू नका. एमआरआयसुद्धा फिटनंतर लगेच काढला तर तात्पुरती सूज गाठीसारखी भासू शकते.

पुण्याला जायला सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची म्हणून रात्रभर जागरण आणि 'डोस तिकडं जाऊन घेऊ', हे तर नकोच. झोपमोड आणि चुकलेला डोस, दोन्हींनी फिट येते. जमल्यास आदल्या दिवशी जा. फिल्मच्या पिशवीबरोबर सीडी किंवा पेनड्राईव्ह घ्या. फिल्मवर छापलेल्या चित्रांवरून सर्जनला थ्री-डी नकाशा करता येत नाही. एमआरआयला अंगावर धातू चालत नाही, म्हणून ताईत, करगोटा, जोडवी घरीच काढून ठेवा.

ऑपरेशनच्या आधी मेंदूतलं भाषेचं केंद्र शोधायला फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) करतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू चालते, अक्कलकोटकडे कन्नड. चाचणी पेशंट घरी बोलतो त्या भाषेत व्हावी, हे आपणच आवर्जून सांगायचं.

योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट थांबत नसेल, तर ऑपरेशनसाठी तपासणी कधी करायची ते विचारा. 'शेवटचा उपाय' म्हणून थांबू नका. दिल्लीच्या एम्समध्ये मुलांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं वर्षभरानंतर फिटमुक्त होती. फक्त औषधांवर असलेल्यांत हा आकडा ७ टक्के होता.

आणि बाळाचा पहिला नॉर्मल एमआरआय कायमचा धरून बसू नका. दोन वर्षांच्या आत मेंदूची जडणघडण चालू असते, त्यात सालीतला दोष झाकला जातो. फिट चालूच राहिली तर दोन-अडीच वर्षांनंतर पुन्हा स्कॅन लागेल का, हे विचारून महिना फाईलवर लिहून घ्या.